वजन उतरलं, आता राखायचं कसं? गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. गावात मला सिस्टर म्हणतात. बीपी-शुगर तपासायला आलेल्या एखाद्याचं वजन सहा-आठ किलोंनी उतरलेलं निघतं, तेव्हा काट्यावरून खाली उतरताना त्याचा चेहरा पाहायला मला फार आवडतं. तोच माणूस वर्षभराने काट्याकडे पाठ करून "फक्त गोळ्या द्या, सिस्टर" म्हणाला की पोटात कालवतं. माझंही असंच झालं होतं. चौदा महिन्यांत मी ७४ किलोवरून ६० वर आले आणि पुढच्याच वर्षी होळी ते मृग एवढ्या काळात पाच किलो परत चढले. ते पुन्हा उतरवून आता पाच वर्षं झाली, काटा ६० ते ६३ च्या मध्येच आहे. वजन उतरवायचं कसं हे सांगणारे गावोगाव भेटतात. उतरल्यावर पुढे काय, हे विचारणारे मात्र माझ्याकडे येतात. त्यांचे हे प्रश्न.

उतरवताना एवढं जड गेलं नाही, जेवढं आता राखताना जाऊन राहिलं. असं काहून?

कारण शरीराला वजन उतरलेलं आवडत नाही. हजारो पिढ्या माणसाने दुष्काळ काढले, त्यामुळे चरबी कमी झाली की शरीराला वाटतं, घरातली कणगी रिकामी होत चालली. मग ते दोन गोष्टी करतं. भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं.

हे मोजलेलंही आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातले भुकेचे हार्मोन तपासले. वर्ष उलटून गेलं तरी भूक लावणारे हार्मोन वर आणि पोट भरल्याचं सांगणारे खाली, अशीच स्थिती होती. अमेरिकेतल्या केविन हॉल यांच्या गटाचा २०१६ मधला हिशेब असा, की उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र १०० कॅलरींच्या आसपास वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेल्या बाईला दिवसाला एक भाकर कमी लागते आणि भूक तीन-चार भाकरींची जास्त लागते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाच किलो परत आले त्या उन्हाळ्यात मी स्वतःला काय काय बोलले होते! जिभेवर ताबा नाही, लाज नाही, वय वाढलं पण अक्कल नाही. दोष जिभेचा नव्हताच. तुमचंही वजन परत येत असेल तर स्वतःला शिव्या देणं आधी थांबवा. उपाय पुढे आहेत, पण ते शिव्या खाल्लेल्या माणसाच्या हातून होत नाहीत.

मग आता जन्मभर अर्धपोटी राहायचं का?

नाही. अर्धपोटी कोणी राहूच शकत नाही. पोट भरायचंच, फक्त कशाने भरायचं ते बदलायचं. ताटात आधी भाजी आणि घट्ट वरण, मग भाकर, शेवटी वाटलं तर भात. आपल्याकडे उलटं होतं. भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण आणि भाजी बोटभर.

पण एक गोष्ट मनातून काढून टाका. "ध्येय गाठलं, आता पहिल्यासारखं जेवता येईल." पहिलं जेवण पहिल्या वजनाचं होतं. ७४ किलोच्या अंगाला जे लागत होतं ते ६० किलोच्या अंगाला लागत नाही. त्यात वजन उतरवताना धरलेलं डाएटही एकदम सोडायचं नसतं. मी दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं वाढवत गेले. आधी सकाळची अर्धी भाकर, मग संध्याकाळी मूठभर फुटाणे. जिथे काटा हलायला लागला, तिथे थांबले. तुमचं माप तुम्हाला असंच सापडेल, पुस्तकात मिळणार नाही.

मी दिवसभर वावरात राबते. मला वेगळा व्यायाम कशाला?

या प्रश्नावर जरा थांबते, कारण माझ्या मते गावातलं वजन इथेच परत येतं.

वावरातलं काम वर्षभर सारखं नसतं. मृगापासून पेरणी, मग निंदण, डवरणी, खतं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी. तिथून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, मधे तूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघाला की कोरडवाहू वावर रिकामं. होळी ते मृग हे अडीच-तीन महिने हाताला काम नाही, बाहेर ऊन आणि घरात लग्नाच्या पत्रिकांची चळत. भूक मात्र वेचणीच्या दिवसांतलीच असते, कारण पोटाला कॅलेंडर कळत नाही. हात चार भाकरींवर सवयीने जातो. माझे पाच किलो याच महिन्यांत आले, आणि उपकेंद्राचं रजिस्टर उलटून पाहिलं तर माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांचे आकडे पाऊस पडायच्या आधी सर्वांत वर असलेले दिसतात.

दुसरं म्हणजे कामही पहिलं राहिलं नाही. निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वखराच्या जागी ट्रॅक्टर. माझे सासरे वावरात पायी जायचे, जाऊन-येऊन सहा किलोमीटर. आता मुलगा मोटारसायकलने धुऱ्यापर्यंत जातो. पाणी नळाला आलं, त्यामुळे डोक्यावरचा पाण्याचा गुंडही गेला. हे सगळं चांगलंच झालं, बायांच्या माना आणि कंबरा वाचल्या. पण जेवण मात्र त्या सहा किलोमीटरचंच राहिलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की ताट हंगामाप्रमाणे बदला. वेचणीच्या दिवसांत तीन भाकरी खाल्ल्या तर खा. हरभरा निघाला त्या आठवड्यापासून एक कमी करा आणि चालणं सुरू करा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर होळीच्या दिवशी लाल गोल करून ठेवते. त्या दिवसापासून माझी भाकर एक आणि चालणं रोज. गोंदिया-गडचिरोलीकडे ज्यांना मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता असतो, त्यांचे रिकामे महिने वेगळे. तुमचे कोणते, ते तुम्हीच ओळखा.

४५ अंशांत चालायचं कधी?

आपल्याकडे चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे दहानंतर चालायचा विचारही नको. मेमध्ये साडेपाच-पावणेसहाला उजाडतं. तेव्हा निघायचं आणि सातच्या आत घरी. आम्ही चौघी पांदण रस्त्याने मारुतीच्या पारापर्यंत जातो आणि परत येतो. एकटीला कंटाळा येतो, चौघी असलं की एक तरी दुसरीला दारातून हाक मारते. पहाटे जमत नसेल तर रात्री जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारा, हातात टॉर्च घ्या. उन्हाळ्यात विंचू आणि साप बाहेर असतात.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. वजन राखणाऱ्याला वरचा आकडा धरावा लागतो. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी राखलेल्या हजारो लोकांची ती आहे. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर चालतात किंवा तेवढी हालचाल करतात. माझ्या वजनाच्या बाईला तासभर झपाझप चालण्यात साधारण दोनशे कॅलरी लागतात. वर शरीराने जो खर्च कमी केला म्हणाले, तो बहुतेक एवढ्यात भरून निघतो. वीस मिनिटं चालणं आणि चाळीस मिनिटं पारावर बसणं, असं तासात धरू नका.

चालण्यासोबत थोडं ताकदीचंही करा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही थोडा झिजतो, आणि बसल्या जागीही चरबीपेक्षा जास्त खर्च करणारा तोच असतो. खाटेच्या काठावरून हात न टेकता पंधरा वेळा उठा-बसा. दोन बाटल्यांत पाणी भरून वर-खाली करा. जिम नसली तरी काही अडत नाही.

काटा कुठे मिळेल आणि किती वेळा पाहायचा?

उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत काटा असतो, विचारा. घरी घेता आला तर उत्तम. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, परसाकडे जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. मी बाजाराच्या दिवशी पाहते, म्हणजे विसरत नाही. आकडा त्या लाल गोलाच्या कॅलेंडरवरच लिहिते.

रोज पाहू नका असं मी म्हणत नाही, पण रोजच्या आकड्याने घाबरू नका. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं. ती चरबी नसते. किलोभर चरबी व्हायला साडेसात हजारांच्या वर कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात, एका जेवणात ते होत नाही. मीठ आणि भात-पोळीमुळे अंगात पाणी धरलेलं असतं, तीन-चार दिवसांत निघून जातं. बायांना पाळीच्या आधी असंच होतं.

काटा नसेल तर गड्यांसाठी एक चांगलं साधन कमरेलाच असतं, करगोटा. आमच्या एका काकांनी वजन उतरल्यावर नवा करगोटा बांधला तेव्हा त्याच्या गाठीपाशी लाल दोऱ्याचा वेढा घालून घेतला. बसल्यावर तो रुतायला लागला की काकू न सांगता ताटातला भात कमी वाढते. बायांनी परकराच्या नाडीवर भरवसा ठेवू नये, ती आपण नकळत सैल बांधत जातो. ब्लाउजचा हुक खोटं बोलत नाही. आणि शिंप्याची टेप असेल तर सर्वांत बरं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, गड्याचा ९० च्या आत.

चार्टप्रमाणे माझं वजन ५५ पाहिजे. मी ६० वर अडकले. अजून उतरवू का?

चार्ट बरोबर आहे. आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १८.५ ते २२.९ हा निरोगी धरतात, २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीला ते ४४.५ ते ५५ किलो होतं. आपल्यासाठी हे आकडे गोऱ्या लोकांपेक्षा कडक आहेत, त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की भारतीय माणूस हडकुळा दिसला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

तरीही माझं मत असं, की मूळ वजनाच्या दहा टक्के उतरले आणि ते टिकले तर शुगर, बीपी, गुडघे या सगळ्यांना चांगला फरक पडतो. माझीही उंची १५५ आहे. मीही ६० वरच आहे. ५५ साठी दोनदा जीव काढला, दोन्ही वेळा ६३ वर गेले. मग ठरवलं की हे घर माझं. पोटाचा घेर मात्र ८० च्या आत आणला, तो चालण्याने आला. डॉक्टरांनी तुम्हाला आणखी उतरवायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. नुसता चार्ट सांगत असेल तर आधी वर्षभर आहे ते राखून दाखवा.

लग्न, तेरवी, महाप्रसाद. नाही म्हटलं तर लोक नाराज होतात.

होतात, आणि मला त्यांचं वाईट वाटत नाही. आपल्याकडे माया वाढूनच दाखवतात. मागच्या वैशाखात माझ्या घरी सतरा पत्रिका आल्या. सतरा ठिकाणी पोटभर जेवले असते तर पुढचा पावसाळा उतरवण्यातच गेला असता.

मी पत्रिका आल्या की तीन-चार निवडते. सख्खं नातं, जवळची मैत्रीण. तिथे मनापासून जेवते, जिलेबीही खाते. बाकीच्या ठिकाणी घरून वरण-भाकर खाऊन जाते, अहेर देते, नवरीला भेटते, वाटीभर कढी पिऊन निघते. कोणी विचारलं तर "आत्ताच जेवून आली, बाई" एवढं पुरतं. बीपीची गोळी चालू आहे म्हटलं की आग्रह करणारा आपोआप थांबतो, आणि ते खरंही असतं.

रोडग्यांची पंगत मात्र वेगळी. गोवऱ्यांच्या आरातून काढलेला रोडगा पत्रावळीवर पडतो, आपण तो कुस्करतो, वाढणारा तुपाची वाटी घेऊन उभाच असतो. पुरे म्हणेपर्यंत धार चालू. वर वरण, शेजारी वांग्याची भाजी. कुस्करलेल्या रोडग्यात किती तूप मुरलं ते दिसतच नाही, आणि एक चमचा तूप म्हणजे चाळीसेक कॅलरी. तिथे मी दोन गोष्टी पाळते. बसल्याबरोबर वाढणाऱ्याला सांगायचं, "भाऊ, एक रोडगा, दोन चमचे तूप, भाजी मात्र दोनदा." आधी सांगितलं की वाईट वाटत नाही, मधे हात आडवा केला की वाटतं. आणि रात्रीचं जेवण ताक आणि ज्वारीच्या कण्या, त्याहून जास्त नाही. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीला आणि पोळ्यालाही हाच नियम. सणाच्या दिवशी खा. डब्यात उरलेल्या पुरणपोळ्या पुढचे चार दिवस सकाळी चहासोबत संपवणं, तिथे वजन वाढतं. उरलेलं शेजारी वाटून टाका.

चहाने काय होतं? कपभर तर असतो.

एक कप असता तर लिहिलंच नसतं. आपल्याकडे दारात आलेल्याला चहा, वावरात चहा, एसटीची वाट पाहताना चहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. पाच कप झाले की पन्नास ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. तुमची दुप्पट चहातच गेली. मी साखर दोन चमच्यांवरून दीड, महिन्याने एक, महिन्याने अर्धा केली. एकदम सोडली असती तर आठ दिवसांत परत गेले असते. गूळ घातला तरी हिशेब तोच राहतो.

तेल किती?

त्याच संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. महिन्याला ते एका लिटरच्या पाकिटापेक्षा थोडं कमीच होतं. म्हणून घरात खाणारी माणसं मोजा आणि महिन्याला संपणारी पाकिटं मोजा. चार माणसं आणि सात पाकिटं असतील तर कोणतंही डाएट चालणार नाही. आमच्याकडे साडेसहा होती. तर्री हवीच असते, वांग्याच्या भाजीवर तेल तरंगलं नाही तर ती आमच्या घरी भाजी वाटत नाही. मी पातेल्यात पळीने तेल ओतणं बंद केलं, चमच्याने मोजून घालते, आणि तिखट-मसाला थोड्या पाण्यात कालवून टाकते. रंग येतो. आता चार पाकिटांत भागतं. फल्ली तेल चांगलं म्हणून जास्त चालतं, असं नाही. कॅलरी सगळ्या तेलांच्या सारख्याच.

भाकर, पोळी की भात?

ज्वारीची भाकर. हळू चावावी लागते आणि पोट धरून ठेवते. भंडारा-गोंदियाकडे भाताशिवाय जेवण होत नाही, त्यांनी भात खावा, वाटीने मोजून. तिन्हींच्या पिठात-दाण्यात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. फरक किती खाल्लं जातं याचा.

प्रथिनं कुठून आणायची? आम्ही माळकरी, अंडंही चालत नाही.

वावरात पाहा. सोयाबीन आपण क्विंटलांनी पिकवतो आणि सगळं बाजार समितीत नेऊन घालतो. त्याच्या शंभर ग्रॅम दाण्यात ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. कच्चं मात्र खायचं नाही, पचत नाही. रात्रभर भिजवून, चांगलं उकडून भाजीत घाला, किंवा भाजून गव्हाच्या दळणात दहा किलोला एक किलो टाका. घरच्यांना कळतही नाही. याशिवाय घट्ट तुरीचं वरण, हिवाळ्यात पोपटाचे, म्हणजे वालाचे दाणे आणि बरबटीची उसळ, फुटाणे, ताक-दही. जवसाची चटणी चांगली, पण चटणी म्हणूनच, वाटीभर नाही. फल्लीदाण्याचंही तसंच, मूठभर म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. जे अंडं खातात त्यांना एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. प्रथिनांनी पोट लवकर भरतं आणि स्नायू टिकतो. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

उपवासाने वजन राखता येईल?

कोणता उपवास त्यावर आहे. साबुदाण्याची उसळ, आलूचा चिवडा, शिंगाड्याचा शिरा, वर केळी. त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्तच जातं. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नसतं. भगर आणि ताक घ्या, बरोबर काकडी.

एक काळजीचं सांगते. आपल्या भागात, गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत, सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची माणसं आहेत. त्यांनी निर्जळी उपवास करूच नये. अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय जेवण टाळू नये, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

सासूबाई म्हणतात, "किती वाळली, घरात खायला मिळत नाही का?"

माझ्याही म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर १९७२ चा दुष्काळ होता. भरलेलं अंग म्हणजे सुखी घर, हे त्यांना कुठे चुकीचं शिकवलं होतं? मी वाद घातला नाही. त्यांना उपकेंद्रात नेलं, त्यांची शुगर तपासली, ती जास्त निघाली. मग घरात तेलाचं पाकीट आणि साखरेचा डबा त्यांच्या ताब्यात दिला. म्हटलं, आई, आता तुम्हीच मोजून द्या. त्या दिवसापासून माझ्या घरात सर्वांत कडक पहारा त्यांचाच आहे. एकट्या सुनेचं वेगळं शिजत नाही, शिजलं तरी आठ दिवस. सगळ्यांचंच ताट बदललं तर टिकतं. वाढत्या पोरांच्या ताटातलं दूध-तूप मात्र काढू नका.

तीन-चार किलो परत चढले. सगळं वाया गेलं का?

नाही. दोन किलोंवर गेलं आणि दोन आठवडे तिथेच राहिलं, की त्याच आठवड्यात हालचाल करा. दोन किलो उतरवणं सोपं, दहा किलो म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आधी आठवून लिहा, गेल्या महिन्यात काय बदललं. चालणं सुटलं? घरी पाहुणे? चहात परत दोन चमचे? रात्रपाळीच्या ओलिताने झोप मोडली? अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे पुष्कळांना माहीत नसतं. जे सुटलं ते एकच परत धरा. सगळं एकदम धरायला जाऊ नका आणि उपाशी तर मुळीच राहू नका. पावसात बोट घसरून विळा लागला म्हणून आपण सोंगणी सोडत नाही.

डब्यातली पावडर घेतली तर? आणि ते नवं इंजेक्शन?

पावडरबद्दल माझा अनुभव वाईट आहे. ओळखीच्याच एका बाईने मला तीन महिने डबे दिले, शेताचा खर्च बाजूला ठेवून मी पैसे भरले. वजन उतरलं, कारण मी दोन जेवणं बंद केली होती. डबे संपले, जेवणं परत आली, वजनही आलं. तेवढ्या पैशांत वर्षभराची तूरडाळ येते.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं खरी औषधं आहेत, डॉक्टरांनी लिहून दिलेली. पण ती बंद केली तर काय होतं हेही तपासलेलं आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन परत आलं, हे २०२२ मध्ये छापून आलं. घ्यायचं असेल तर ते थांबवायचं कधी आणि कसं, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

वजन उतरल्यावर बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू?

स्वतः होऊन नाही. डोस कमी होऊ शकतो, कधी बंदही होतो, पण तपासून. चक्कर, घाम, थरथर होत असेल तर त्याच दिवशी या, गोळी जास्त होत असेल.

मी काहीच करत नाही, तरी वजन उतरून राहिलं. बरंच झालं ना?

नाही, हे बरं नाही. लगेच तपासा. टीबी, शुगर, थायरॉइड, आणखीही कारणं असू शकतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणी फुकट होते. आणि ज्यांचं वजन मुळातच कमी आहे, त्यांनी या पानावरचं काहीही करू नये. त्यांना तूप-दूध पोटभर.

घरचा काटा बरोबर आहे की बिघडला, कसं कळेल?

काटा फरशीवर ठेवा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर नको, तिथे तो चुकीचं दाखवतो. दुकानातून आणलेली, न फोडलेली दहा किलोची पिशवी, तांदळाची किंवा पिठाची, हातात घेऊन उभे राहा आणि मग पिशवीशिवाय. फरक दहा किलोच्या जवळ आला तर काटा ठीक. बॅटरीचा असेल तर होळीला सेल बदला.